नको ते सामान

रविकांत सरांनी भिंगारच्या बाजारातून जुनी लष्करी झोळी आणली होती, दोन झाडांना बांधून निजायची. घडी केली की कोटाच्या खिशात मावायची. गडाच्या पायथ्याला पाचनई गावात उतरल्यापासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं: ओझं कमी करा! त्यापायी त्यांनी दात घासायच्या ब्रशाची दांडीसुद्धा अर्धी कापली होती. त्यांची ब्लँकेटं, स्टोव्ह आणि डबे मात्र वाटाड्या गहिनीनाथाच्या पाठीवर होते.

गड चढायच्या आधी सरांनी त्याचं घोंगडं ओढून त्याच्या चुलतीच्या ओट्यावर भिरकावलं. "कोयता कशाला? भाकरी कशाला? नको ते सगळं खाली टाकायचं. अक्कल आहे का काही?"

गहिनीनाथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर तरातरा पुढं निघाले, तसं त्यानं गाठोडं सोडून पुन्हा बांधलं.

दिवस कलला तेव्हा सर गडावर झोळीत पडले होते आणि खालून वारा पाठीला झोंबत होता. "ब्लँकेट आण रे! आणि स्टोव्ह पेटव."

गहिनीनाथानं गाठोडं सोडलं. आत घोंगडं, कोयता आणि भाकरी होती.

"माझं सामान कुठंय?"

"चुलतीच्या ओट्यावर हाय," घोंगडं अंगावर ओढत तो म्हणाला. "तुमीच म्हनला न्हवं, नको ते खाली टाक? मला त्यातलं कायबी नको हुतं."