ट्रिपनं माझं घर घेतलं

मी फेरा बोलतोय. कागदावर फेरा, गोव्यातल्या लाटंबार्से गावात फेरो. मी शब्द आहे, पण शब्दाच्याही पोटात जळतं. माझं जळतंय त्या ट्रिपवर.

या घरात मला विठूनं आणलं. त्याची बैलगाडी होती. चिरे नेले की एक फेरा, शेणखत नेलं की दुसरा. त्याचा पोर कृष्णनाथ गाडीच्या मागे लोंबकळत ओरडायचा, "बाबा, आनी एक फेरो!" त्याच्या तोंडात मी असा शोभायचो की दुसऱ्या घराकडं मी बघितलंच नाही.

कृष्णनाथ मोठा झाला, त्यानं ट्रक घेतला. खाणीवर लाल माती भरायची, नदीच्या धक्क्यावर ओतायची, परत यायचं. सांगा, हा कोण? मीच ना! पण खाणीवरचा मुकादम पहिल्याच दिवशी बोंबलला, "ट्रिपी वाढवा रे!" संध्याकाळी कृष्णनाथ घरी आला तो तिला घेऊनच. बायको चंद्रावती जेवण वाढताना विचारायला लागली, "आज किती ट्रिपी झाल्यो?" मी तिथंच होतो. कोणी बघितलंसुद्धा नाही.

मग खाण बंद पडली. ट्रक फणसाखाली उभा राहिला, त्याच्या आरशावर वेल चढली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, आता मेली ट्रिप.

कसली मरते! कॉलेज मालवणला निघालं तर लेक सेजल म्हणते ट्रिप. मिक्सर लावल्यावर घरातली लाईट गेली तरी म्हणतात, "ट्रिप झाली." तिकडे पेडण्याच्या किनाऱ्यावर कोण नशेत डोळे फिरवून वाळूत पडलाय, त्यालाही ट्रिपच. विलायतेत म्हणे पाय अडखळला तरी तीच! अगं भवाने, एकटीनं किती कामं करशील? मला एकच काम येतं. जायचं आणि परत यायचं. तेवढंही तिनं ठेवलं नाही.

यंदा ट्रक भंगारात द्यायचं ठरलं. न्यायला माणसं दुपारी येणार होती. कृष्णनाथनं वेल काढून, दुसरी बॅटरी लावून तो कसाबसा चालू केला होता. सकाळी चंद्रावतीनं ट्रकच्या तोंडावर आबोलीची माळ घातली. नवा ट्रक आणला तेव्हा तो आधी देवळाकडं नेला होता, मग खाणीवर. जातानाही देवाला दाखवायचा, असं तिचं म्हणणं.

सेजल मोबाईल घेऊन पुढं आली. "बाबा, लास्ट ट्रिप! मी व्हिडिओ काढतंय."

चंद्रावती भडकली. "गप ऱ्हव गे! ट्रिप खाणीक. देवाक फेरो घालतत." नवऱ्याकडं वळून म्हणाली, "जावा. देवळाक एक फेरो घालून येवा."

कृष्णनाथ स्टेअरिंग धरून बसला होता. हळूच म्हणाला, "फेरो..." आणि बाहीनं डोळे पुसले.

इतकी वर्षं मी याच घडीची वाट बघितली. आणि आलो तो असल्या दिवशी! ट्रिपला मिळाला भरलेला ट्रक, धुरळा, गाणी, हसणं. माझ्या वाट्याला रिकामा ट्रक आणि रडणारा माणूस. मला तिचा आणखीच राग आला.

ट्रक देवळापुढच्या पिंपळाला वळसा घालून परत आला. दुपारी माणसं घेऊन गेली. फणसाखाली तेलाचा काळा डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ उजाडताच उठला. खाणीची सवय. चावी ठेवायच्या खुंटीकडं हात गेला, तसाच मागे आला. मग चपला घातल्या.

"खंय चल्लात?" चंद्रावतीनं विचारलं.

"हंयच. देवळाकडं फेरो मारून येतंय."

तेव्हापासून रोज निघतो. मी त्याच्याबरोबर असतो. जळणं थांबलेलं नाही माझं, थांबणारही नाही. पण बाबांनो, एक ऐका. मालवण तिचं, लाईट तिची, खाण उघडली तर खाणही तिची. घे म्हणावं. फक्त पायी निघालात आणि घरातून कोणी विचारलं, कुठं चाललास, तर माझं नाव घ्या. तुम्हाला घरी परत आणायचं काम माझं.