चढावरची तालीम

"सगळं सोयीचं आहे म्हणतात. फक्त दारात एक पायरी आहे," फोनवर हात ठेवून मुलगी म्हणाली. युरोपातल्या ज्या शहरात आम्ही दोघं जाणार होतो, तिथलं हे आणखी एक हॉटेल.

"सांग त्यांना, एक पायरी म्हणजे मला भिंतच," मी म्हणाले. पाय गेल्यापासून माझी जीभ जास्त चालते, असं घरात बोललं जातं. खोटं नाही.

शेवटी बिनपायरीचं हॉटेल मिळालं. मास्तरांनी तिथल्या दारांची रुंदी विचारून घेतली आणि माझ्या व्हीलचेअरचं माप काढलं. मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शिवणकाम केलं, गळ्यातला टेप अजून उतरत नाही. खुर्चीला कोट शिवायचाय की काय, असं वाटावं इतकं निगुतीनं माप घेतलं त्यांनी.

हे शहर आमच्या घरी खोक्यातून आलं होतं. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा मास्तरांनी तुकडे जोडून चित्र करायचं पझल आणलं. कापड बेतायची फळी पलंगाशी ओढून आम्ही दोघांनी शहर जोडलं. लाल छपरं झाली, नदी झाली, पूल झाला. आभाळ मात्र काही केल्या पुरं होईना. ते चित्र टेकडीवरून काढलेलं होतं. मला त्या टेकडीवर जायचं होतं. बाकी काही दिसलं नाही तरी चाललं असतं.

आणि मास्तरांनी नेमकी टेकडी सोडून सगळं आखलं. नदीकाठ, सपाट रस्ते, ट्राम.

"टेकडीचं काय?"

"वर काय ठेवलंय? खालून दिसतेच की."

"मला टेकडी नाही बघायची. टेकडीवरून बघायचंय."

ते टेप गुंडाळत बसले. समोरासमोर या माणसाच्या तोंडाला कुलूप असतं. खुर्ची ढकलताना मात्र मागून बोलत राहतात. कुणाचा सदरा आखूड झाला होता, आईची आठवण कशी येते, सगळं. माझं तोंड दिसत नाही म्हणून सुचत असावं. म्हणून तर मोटरच्या खुर्चीला मी आजवर नाही म्हणत आले. मुलीला वाटतं मी हट्टी आहे. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायला निघालो, तर चढावर मास्तर थांबले. "टाइल्स बघतोय," म्हणाले. शेजारी बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं. मागच्या खेपेलाही त्याच टाइल्स बघितल्या होत्या, आणि आमच्याकडे काही बांधकाम निघालेलं नाही. मागून धाप ऐकू येत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेकडी त्यांना झेपणार नव्हती, आणि ते कबूल करण्यापेक्षा माझा रुसवा त्यांना परवडत होता. मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

घरी येऊन मुलीला फोन लावला. "मोटरची खुर्ची भाड्यानं मिळते का बघ. विमानात तिची बॅटरी चालते का, तेही विचार."

"कशाला? मी आहे ना," मास्तर म्हणाले.

"तुम्ही आहात म्हणूनच."

खुर्ची आल्यावर तालीम त्याच चढावर केली. मास्तर शेजारून चालत होते. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. कधी खिशात, कधी पाठीमागे. तोंडातून एक शब्द नाही. अर्ध्यात बाजूला पाहिलं तर ते नव्हतेच. मी खुर्ची वळवली. मास्तर खाली टाइल्सच्या दुकानाशी, भिंतीला हात टेकून उभे.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो सावकाश."

त्या टेकडीवर एकटीनं पोचून मी काय करणार होते?

खुर्ची खाली नेली आणि त्यांच्याकडे पाठ करून थांबले. "धरा."

"आता ढकलायचं नाही ना?"

"नाही. नुसतं धरा."

त्यांनी खुर्चीच्या मागच्या मुठी धरल्या. मी कळ हळूच पुढे केली. मोटर कुरकुरली, मग आम्हा दोघांना घेऊन चढू लागली. टाइल्सचं दुकान मागे पडलं, धाप निवत गेली, आणि मागून आवाज आला.

"ते आभाळ होत नव्हतं ना... तू झोपलीस की मीच थोडे तुकडे सुटे करून ठेवायचो. वाटायचं, पुरं झालं की तू जाशील."

मी वळून पाहिलं नाही. खुर्ची तेवढी आणखी हळू केली.