गेम लोड होईपर्यंत

"कडेला धर गं ठके, कडेला! तिच्या पोटावर बोट उमटवू नकोस."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन नुकतंच उतरलं होतं. आवाज होता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाबांचा. ठकी म्हणजे त्यांची लेक, पुढचे दोन्ही दात पडलेली. मला धरायची तिला कोण घाई झाली होती!

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, व्हिडिओ गेमची. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखी कुणी हातात धरलीही नसेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात पडलं, वरून दाब बसला आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे माझ्या अंगावर उमटले. त्या खळग्यांत सगळं होतं. वळणावळणाचे रस्ते, डोंगर, एक लांबच लांब बोगदा, आणि त्यातून सुसाट जाणाऱ्या गाड्या. मग मला चांदीसारखी झिलई चढली, पाठीवर लाल गाडीचं चित्र छापलं. खोटं कशाला बोलू, उजेडात धरलं की माझ्या अंगावर सात रंग खेळायचे आणि मी भारी मिरवायचे.

टीव्हीखालच्या यंत्राचा कप्पा जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. त्यात मला ठेवायचा मान बाबांचा. काय बोटं होती ती! दिवसभर भिंग डोळ्याला लावून, मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलणारी बोटं. एक मधल्या भोकात, अंगठा कडेला, आणि मी कप्प्यात अशी अलगद उतरायचे की माझं मलाच कळायचं नाही. अंगावर डाग दिसला तर ते घड्याळाची काच पुसायचा मऊ कपडा घ्यायचे आणि मधून कडेकडे सरळ पुसायचे. गोल गोल कधीच नाही. गोल पुसलं तर माझ्या खळग्यांच्या रेघांवर ओरखडे जातात, हे त्यांनी ठकीलाही शिकवलं होतं.

आता माझी एक खोड सांगते. मी मंद होते. यंत्रातला बारीक लाल किरण माझे खळगे वाचायचा, मी गरगर फिरायचे, धाप लागल्यासारखा आवाज करायचे, तरी गेम सुरू व्हायला वेळ लागायचाच. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत जायची. दुसऱ्या घरांत म्हणे लोक यावर वैतागायचे. या घरात मात्र ती पट्टी भरेपर्यंत दोघं बोलत बसायची.

"बाबा, माझी मैत्रीण आता दुसऱ्या मुलीच्या शेजारी बसते," ठकी हळूच सांगायची. हे तिने आईलाही सांगितलेलं नसायचं. बाबा लगेच उपदेश करायचे नाहीत. पट्टीकडे बघत म्हणायचे, "आज एक गृहस्थ आले होते. त्यांचं घड्याळ रोज पुढे पळायचं. मी उघडणार, तेवढ्यात मागून त्यांची बायको आली. म्हणाली, राहू द्या हो तसंच, त्याच्यामुळेच हे वेळेवर पोचतात!" ठकी खिदळायची, आणि हसता हसता मैत्रिणीचं सगळं दुःख सांगून मोकळी व्हायची.

कधी ती माझ्यावर गाणंही रचायची:

फिर गं फिर गं तबकडी,
अंगी चांदण्याची नवलाई,
बाबांची गाडी वळणाला,
ठकीची पुढे जाई.

खरं म्हणजे तेव्हा बाबांचीच गाडी पुढे असायची. ते एकेक वळण असं घ्यायचे की जणू चाकाला तेल घालून आलेत. मग स्वयंपाकघरातून आईची हाक यायची. "अहो गाडीवाले! लेकीला घ्या आणि जेवायला उतरा. नंतर वाढणार नाही हं."

शेजारच्या मुलांनी मला उसनी नेलं. बिस्किटाच्या हातांनी धरलं, उलटी टेबलावर टाकलं. परत आले ती अंगभर चरे घेऊन. बोगद्यापाशी गेम अडकायचा. ठकी रडली, पण बाबांनी सबंध संध्याकाळ मला पुसून, घासून पुन्हा वाचता येईल असं केलं. माझं कौतुक झालं ते असं, मित्रांनो. कुणी हार घातले नाहीत, पण टाकूनही दिलं नाही.

वर्षं गेली. ठकी उंच झाली, शिकली, नोकरीला लागली. आणि तेव्हाच मला एक गोष्ट कळली, जी घरात कुणालाच कळली नव्हती.

बाबांनी मला कप्प्यात ठेवायला उचललं, आणि मी हलले. स्वतःहून नव्हे. त्यांची बोटं हलत होती. माझी कड कप्प्यावर टकटक वाजली. त्यांनी मला घट्ट धरलं, दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मला जीभ असती तर मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्या अंगावर फक्त रस्ते आणि गाड्या लिहिलेल्या.

पहिल्या पगारात ठकीने नवं यंत्र आणलं. आईने ते चारही बाजूंनी पाहिलं. "अगं, ह्याला तोंड कुठंय?"

"ह्याला तोंड लागत नाही आई. हे हवेवर जगतं!"

आणि ते खरंच होतं. त्याच्या पोटात नखाएवढ्या चिपा, त्यांत शेकडो गेम. काही फिरत नाही, घरघरत नाही. इंटरनेटवरून गेम उतरतो आणि पापणी लवायच्या आत सुरू होतो. मी जळले नाही हं. माझेच डोंगर, माझाच बोगदा त्यात इतका देखणा झाला होता की मला अभिमान वाटला. मग मी खणात गेले. सोबतीला संपलेले सेल आणि कशाचे ते कुणालाच न आठवणारे चार्जर.

खणातून मला ऐकू यायचं. पट्टी नाही, थांबणं नाही. शर्यत संपली की लगेच दुसरी. दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं.

"बाबा, तू मुद्दाम हरतोयस ना? मी काय आता लहान आहे?"

"नाही गं. तू फार छान खेळतेस."

पुढे बाबा खेळायलाच बसेनात. कधी डोळे दुखायचे, कधी दुकानात काम असायचं. ठकी एकटीच खेळायची, आणि बटणं जरा जोरातच दाबायची.

मित्रांनो, मला जपा हो, असं रडगाणं गायला मी आले नाही. नवी यंत्रं चांगली आहेत, खुशाल खेळा. एवढंच मागते, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्या हातांकडेही अधूनमधून बघा. तो सारखा हरत असेल तर का हरतो, ते शेजारी बसून विचारा. आणि विचारून झालं की लगेच पुढची शर्यत लावू नका.

एका रविवारी दुपारी ठकी खण आवरायला बसली. मला उचलून म्हणाली, "बाबा, हिला आणि जुन्या यंत्राला आता निरोप देऊ या का? कोपऱ्यावरचा दुकानदार घेतो म्हणाला."

बाबा उठून खणापाशी आले. मग म्हणाले, "एकदा लावून तर बघू."

त्यांनी हात पुढे केला. ठकीने मला कडेला धरून दिलं. कप्पा बाहेर आला आणि मी त्यांच्या बोटांत थरथरू लागले. टक. टक. टकटक. भोक खुंटीवर बसेना. ठकीचा हात मदतीला उठला आणि अर्ध्यावर थांबला. शेवटी मी कशीबशी बसले. कप्पा आत गेला, मी धापा टाकत फिरू लागले, आणि पडद्यावर ती पट्टी आली. मुंगीच्या पावलांची.

दोघं तिच्याकडे बघत बसली.

"बाबा," ठकी म्हणाली, "माझ्याबरोबर खेळायचा कंटाळा आलाय असं मला वाटत होतं. इतके दिवस तुझ्यावर रुसून बसले होते मी."

पट्टी पुढे सरकेना. मी मंद होते, म्हातारी झाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली नाही.

"कंटाळा कसला येतोय, वेडे," बाबांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. "हात थांबत नाहीत गं माझे. स्क्रू उचलता येत नाही. दुकानात नुसते सेल बदलतो, बाकीची घड्याळं दुरुस्त होणार नाहीत म्हणून परत पाठवतो. तुझ्या आईलाही बोललो नाही. भीती वाटते, ठके. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?"