आवडाबाईची मूठ

पोलिओच्या मोफत शिबिरात यमुनाबाईंचा दरारा असा, की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून चहा घेत. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी छडी तेवढी शाळेत ठेवली, आवाज बरोबर आणला. त्या आवाजाच्या जोरावरच त्यांनी क्रांती चौकाजवळचा दवाखाना शिबिरासाठी फुकट मिळवला आणि मंडपवाल्याकडून गाद्या उकळल्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात उभं राहून त्यांनी सगळ्यांना दम भरला, "उद्या भूल द्यायची आहे. पोटात पाण्याचा थेंबसुद्धा जाता कामा नये. कुणी काही खाल्लं, तर माझ्याशी गाठ आहे!"

त्यांचा सगळा जीव अडकला होता तो आवडाबाईत. ही दौलताबादची, किल्ल्याच्या दारात पेरू विकायची. पोलिओनं लहानपणीच उजवा पाय लुळा पडला, गुडघा वाकडाच राहिला. हातानं गुडघा दाबल्याशिवाय पाऊल पडायचं नाही, म्हणजे उजवा हात असून नसल्यासारखा. पेरूची पाटी उचलायलाही दुसऱ्याची मिन्नतवारी. ऑपरेशननं गुडघा सरळ झाला आणि वर पायाला आधार देणारा कॅलिपर लागला, की हात मोकळा होणार होता. पण बाई महाभित्री. यमुनाबाईंनी जीपच्या खेपांवर खेपा घातल्या, तेव्हा कुठं ती कबूल झाली. "येते, पण एकडाव. परत नाय धजायचा जीव माझा." आणि ऑपरेशनसाठी आलेले पुण्याचे सर्जनही ऑपरेशनच्याच रात्री परत जाणार होते.

सकाळी पहिला नंबर आवडाबाईचा. गुडघा दाबत, वाकत ती ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आली. यमुनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरून आणलेल्या वाटीतलं दही-साखर तिच्या तळहातावर ठेवलं. कुणी परीक्षेला निघो, नाहीतर मुलगी बघायला, दही-साखर दिल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. हात आपोआप चालला. "घे गं, सगळं चांगलं होईल," म्हणाल्या आणि भरून आलं म्हणून डोळ्यांना पदर लावला. आवडाबाई आत गेली.

मागं त्यांचे यजमान दत्तोपंत उभे होते. ते हळूच म्हणाले, "अगं, ते दही होतं का?"

"मग काय चुना वाटत होते मी?" यमुनाबाई फणकारल्या, आणि तिथंच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अगं बाई गं! गप्प बसावं तर आवडाबाईच्या जिवाशी खेळ, बोलावं तर ऑपरेशन हातचं गेलं.

त्या धाडकन दार ढकलून आत घुसल्या. "थांबा! हिनं खाल्लंय. मीच चारलंय."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "काकू, तुम्ही?"

"मीच! अक्कल गहाण टाकून आले होते सकाळी."

"मग आज नाही जमणार हो हिचं."

जिला आख्खी शाळा टरकायची, ती बाई भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली. टेबलावरची आवडाबाई उठून बसली.

"बाई, रडू नका. म्या कुठं खाल्लं?"

"अगं, तुझ्या हातावर ठेवलं ना मी!"

"ठिवलं की. पर तुम्हीच म्हनल्या ना काल, थेंब नाय म्हनून. अन् मोठ्या मानसानं दिलेलं फेकावं कसं? मूठ मिटली अन् तशीच आले."

तिनं लुगडं दाखवलं. त्या मुठीनंच गुडघा दाबत आली होती ती, तिथं दह्याचा पांढरा डाग पडला होता. मूठ उघडली, तर बोटांना साखर चिकटलेली. "आता निजू का परत?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "काकू, तुम्ही बाहेर बसा. आणि ती वाटी आधी न्या इथून."

यमुनाबाईंचा जीव भांड्यात पडला. दत्तोपंतांना मात्र बायकोला चिडवायला वर्षभराचा मसाला मिळाला.

पुढं प्लास्टर निघालं, जखम भरली, कॅलिपर लागला. त्या दिवशी यमुनाबाईंनी वाटी पदराखाली लपवून आणली होती, नवऱ्याच्या तोंडाला कोण लागणार! व्हरांड्याच्या टोकाकडून आवडाबाई ताठ चालत आली. डोक्यावर पेरूची पाटी, तिला डाव्या हाताचा आधार. उजवा हात सवयीनं मधेच गुडघ्याकडं जायचा आणि काही काम नाही बघून माघारी यायचा.

यमुनाबाईंसमोर येऊन तिनं तोच हात पुढं पसरला.

"बाई, तवाचं राह्यलंय माझं. द्या आता."