चौकटी उभ्या आहेत

धाकट्या दिराला कामावर घेताना मोजणीबाईंनी दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. एक, माणूस सव्वासहा फूट उंच असला तरी सरळ रेषेत चालू शकतो. दोन, तीन नोकऱ्या घालवलेला माणूस चौथी जपून वापरतो. पहिलीवर त्यांचा विश्वास होता. दुसरीची हमी सासूबाईंनी दिली होती, आणि सासूबाई हमी द्यायला कधीच मागेपुढे पाहत नसत.

काम तसं साधं. जमिनीखालची जुनी वस्ती न खणता शोधायची. माळावर दोऱ्या बांधून वीस-वीस मीटरचे चौकोन आखायचे आणि चुंबकीय मोजणीचं यंत्र जमिनीपासून वीतभर वर धरून एकेक ओळ चालायची. यंत्र टिकटिकत असतं, दर टिकेला एक मीटर. अंगावर लोखंडाचा कण नको. बक्कल, किल्ल्या, घड्याळ सगळं तंबूत. खाली भाजक्या विटांची भिंत असली की आकडा चढतो, आणि संध्याकाळी संगणकावर ती काळी रेघ होऊन उमटते. चालणाऱ्याने फक्त चालायचं, विचार करायचा नाही. त्या दृष्टीने भावोजींसारखा उमेदवार शोधून सापडला नसता.

शिवाय त्यांची गरजही होती. जाऊबाई मुलीला घेऊन माहेरी जाऊन बसल्या होत्या. सहा महिने एका जागी टिकून दाखवा, मग येते, असा त्यांचा निरोप होता. पाच महिने झाले होते.

आणि नेमका तेव्हाच साहेबांनी आराखडा पाहिला. मोठं घर होतं खाली, सात-आठ खोल्यांचं. भिंतींच्या रेघा जिथे जिथे तुटत होत्या, म्हणजे जिथे दारं असावीत, तिथे प्रत्येक ठिकाणी एक ठिपका होता. रिकाम्या जागी ठिपका कसला? साहेब म्हणाले, तुमचा माणूस यंत्र खाली झुकवतोय, बदला त्याला. मोजणीबाई अर्धा तास भांडल्या. उद्या तुमच्यासमोर चालवते, चुकला तर काढा, इथवर त्यांनी साहेबांना आणलं.

दुपारी तंबूत भावोजी डबा खात होते.

"भावोजी, चालताना मधेच वाकता का तुम्ही?"

"वाकावं लागतं."

"कशाला?"

"डोक्याला लागेल ना." त्यांनी शांतपणे घास संपवला. "भिंती पडल्यात, वहिनी. चौकटी उभ्या आहेत."

भावोजींनी आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती, तेवढी त्यांची झेपच नव्हती. मोजणीबाईंनी मनातल्या मनात तारखा जुळवून पाहिल्या. आराखडा काल संध्याकाळी तयार झाला होता. तो भावोजींना कुणी दाखवला नव्हता. आणि वाकणं त्याआधीचं, परवाचं. बाहेर माळ सपाट, वर ऊन, गुडघ्याएवढं झुडूपही नाही. त्या एवढंच म्हणाल्या की उद्या काही झालं तरी मान ताठ ठेवायची, तुमच्या संसाराचा प्रश्न आहे.

भावोजींनी कपाळ चोळलं. "विचारून बघतो," म्हणाले. कुणाला, ते मोजणीबाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब छत्री घेऊन उभे राहिले आणि भावोजी ताठ चालले, दोरी ओढल्यासारखे. आकडे तिथेच उघडून पाहिले, एकही ठिपका नाही. साहेब खूष झाले, महिना पुरा होऊ दे, मग यांना कायम करू, असं सांगून जेवणाआधीच निघून गेले. मोजणीबाईंनी यंत्र उतरवून घेताना हळूच विचारलं, लागलं नाही ना?

"नाही. उंच करून घेतल्या त्यांनी. माझ्यासाठी."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. घरच्या न्हाणीच्या दाराला त्यांचं डोकं पंचवीस वर्षं आपटत आलं होतं. तिथे खुद्द जन्मदात्या आईनेही 'बघून चालत जा' याच्यापलीकडे काही केलं नव्हतं.

दुपारचा चौकोन भावोजी एकटेच चालले. मोजणीबाई पुढच्या चौकोनाच्या दोऱ्या बांधत होत्या, त्यांच्याकडे पाठ करून. चारच्या सुमारास त्यांनी आकडे उघडले. चौदाव्या ओळीत एकच आकडा सहा वेळा आला होता. पंधरावीत अकरा वेळा. सोळावीत वीसच्या वीस. चालत्या माणसाला जमीन असा एकच आकडा पुन्हा पुन्हा देत नाही. उभ्या माणसाला देते.

"थांबला होतात?"

"बसा म्हणाले. ड्यूटीवर आहे म्हटलं." भावोजी जरा ओशाळले. "उद्या मधली खोली आहे ना? उद्या बसेन थोडा वेळ. दरवेळी नाही म्हणणं बरं दिसत नाही."

ते आकडे मोजणीबाईंशिवाय कुणी पाहिले नव्हते. तीन ओळी पुसून शेजारच्या ओळींवरून भरून काढता येतात, या धंद्यात सगळेच ते करतात. सव्वीस दिवसांचा प्रश्न होता. तिकडे जाऊबाईंनी परत यायच्या तयारीने मुलीच्या शाळेचा दाखलासुद्धा मागून ठेवला होता. मोजणीबाईंना हे सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच त्यांनी अहवालात लिहिलं: चालणाऱ्याचा दोष, माणूस तातडीने बदलावा. खाली सही केली.

साहेब फोनवर हसले. कालपर्यंत तुम्हीच तर त्यांची वकिली करत होता, म्हणाले. दुसरा माणूस आठवड्याने मिळेल; तोवर तुम्हीच चाला, मधला चौकोन उद्याच हवा.

घरी सासूबाईंनी अबोला धरला. पोटच्या पोराचं नुकसान करणाऱ्या सुनेशी बोलणार तरी कोण? जाऊबाईंचा फोन आला आणि दोन वाक्यांत संपला. भावोजी तेवढे रागावले नव्हते. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले होते, लांब पाय दुमडून, आणि त्यांना एकाच गोष्टीची काळजी लागलेली दिसत होती.

"वहिनी, त्यांना निरोप कोण देणार?"

"कसला?"

"मी येत नाही म्हणून. पानं वाढून बसतील."

मोजणीबाईंनी हातातलं भांडं पुसलं, पुन्हा पुसलं. मग त्या म्हणाल्या, "मी सांगेन."

"सांगा." भावोजींचा जीव भांड्यात पडला. "पण तुम्हाला बसायला म्हणतील. नको म्हटलं तर फार वाईट वाटतं त्यांना."