फुलाबाई सामना बघायला गेली

फुलाबाईनं आपल्या मुलीचा खेळ कधीच पाहिला नव्हता. गौतमी सातवीत असल्यापासून कबड्डी खेळत होती, गुडघे फोडून घेत होती, घरी पेले आणत होती. पण सामने असायचे दुपारचे, आणि दुपारी फुलाबाई पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलापाशी उभी असायची. ठेकेदाराकडच्या बाईनं रजा मागितली की दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई दिसते. नवरा दामू कोळवणला एका डॉक्टरांच्या फार्महाऊसवर राखणीला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळं माले गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत कबड्डी यायची ती मातीनं माखलेल्या कपड्यांतून आणि चोळायच्या तेलाच्या वासातून. पोरगी पोरींत खेळते, चार जणी नाव काढतात, यापलीकडं फुलाबाईनं कधी विचार केला नव्हता.

म्हणून त्या उन्हाळ्यात निषाद नावाचा तरुण माणूस गाडी घेऊन दारात आला, तेव्हा तो काय बोलतोय हेच तिला आधी कळेना. तो पुण्याच्या बाजूच्या एका नव्या, मोठ्या खाजगी विद्यापीठातून आला होता. तिथल्या खेळांचं सगळं तो बघायचा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत अवघडून बसून त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "काकू, गौतमीला आम्ही आमच्याकडं घ्यायचं म्हणतोय. फी माफ, राहणं-खाणं आमचं. वर महिन्याला पंधरा हजार, तिच्या स्वतःच्या खात्यात."

"कशाचे?" फुलाबाईनं विचारलं.

"खेळायचे."

"आन् काम काय करायचं?"

"खेळणं हेच काम, काकू."

फुलाबाईनं दारात उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. आठ तास उभं राहून, वर ओव्हरटाइम करून तिच्या हातात येत होतं त्यापेक्षा हे जास्त होतं. आणि तेही पळायचं, शिवायचं, परत यायचं! लहानपणी तिनं स्वतः खळ्यात तोच खेळ खेळला होता, आणि उशिरा घरी आली म्हणून आईचा मार खाल्ला होता.

निषाद गेला आणि दुसऱ्या दिवशी एकनाथ सर आले. गौतमी मुळशी खोऱ्यातल्या ज्या साध्याशा कॉलेजात शिकत होती, तिथं हे सर इतिहास शिकवायचे आणि सकाळी सहा वाजता मुलींची कबड्डी घ्यायचे. मैदानावरची माती ते स्वतः चाळायचे. गौतमीचे पहिले बूट त्यांनीच आणले होते. ते काही चिडलेले नव्हते; चिडले असते तर फुलाबाईला सोपं गेलं असतं.

"ताई, मी तिला धरून ठेवू शकत न्हाई," ते म्हणाले. "पण सगळा संघ तिच्याभवती बांधलाय. चढाईला दुसरं कोणी तयार न्हाई अजून. एक वरीस थांबली असती तर..."

उत्तर गौतमीनंच दिलं. ती खाली बघत होती, पण आवाज हलला नाही.

"सर, एक वर्षानं त्यांनी दुसरी कोणीतरी घेतली असंल. आन् मला बघायचंय, माझ्यात अजून किती हाय ते."

सर म्हणाले, "व्हय. ते मला पण बघायचंय." आणि उठून गेले. पुढच्या आठवड्यात कॉलेजचा दाखला त्यांनी स्वतःच सही-शिक्क्यासकट आणून दिला.

गावानं मात्र एवढ्या सहजी सोडलं नाही. "पोरगी पगारावर गेली म्हणं कबड्डी खेळायला?" शेजारची गोजराबाई नळावर म्हणाली. कुणी म्हणालं, विकली. फुलाबाईला सगळ्यात जास्त लागलं ते आरोहीचं. आरोही संघातली डावी कोपरारक्षक. समोरून चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा, हे तिचं काम. सात वर्षं रोज सरावात तिनं गौतमीचा घोटा धरला होता आणि सात वर्षं सरावानंतर फुलाबाईच्या घरी भाकरी खाल्ली होती. गौतमी गेली आणि आरोही यायची बंद झाली. रस्त्यात दिसली तरी मान खाली घालून जायची.

गौतमीचे फोन यायचे. तिथं खायला वजन करून देतात. तिथं सामना झाला की आपलाच खेळ पडद्यावर पुन्हा पुन्हा बघायला लावतात. "स्वतःलाच बघायचं?" फुलाबाई विचारायची. "व्हय, आई. कुटं चुकले ते दिसतं." हळूहळू फोन छोटे होत गेले. कधी पोरगी दमलेली वाटायची, कधी नुसतीच लांब गेलेली. फुलाबाईला वाटायचं, आपण काहीतरी देऊन बसलो, आणि काय दिलं तेच कळत नाही.

जानेवारीत कॉलेज-विद्यापीठांच्या खुल्या स्पर्धेची अंतिम लढत गौतमीच्या नव्या विद्यापीठातच ठरली. समोर कोण येणार? तर एकनाथ सरांचा संघ. गौतमीशिवाय, सगळ्यांनी मोडीत काढलेला तो संघ एकेक सामना जिंकत तिथवर आला होता. "आई, ह्या खेपंला ये," गौतमी फोनवर म्हणाली. फुलाबाईनं सुपरवायझरला सांगितलं, उद्या येणार नाही. त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, "पोरीचा खेळ हाय." तो हसला, पण हो म्हणाला.

दोन बस बदलून ती पोचली आणि फाटकातच थबकली. काचेच्या इमारती, कापलेलं गवत, आणि आत छताखाली एवढं मोठं सभागृह की त्यात माल्यातली सगळी घरं बसली असती. निळ्यापिवळ्या गाद्यांचं मैदान होतं. बाजूनं चढत गेलेल्या खुर्च्यांवर हजारभर मुलं-मुली ओरडत होती. भिंतीवर गौतमीचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. फुलाबाईनं तो दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहायचा धीर झाला नाही.

कुठं बसावं कळेना. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, "ताई, हिकडं या." एकनाथ सर होते. त्यांच्या संघाच्या मागच्या बाकावर ती बसली. समोर आरोही पायाला पट्टी गुंडाळत होती. तिनं वळून पाहिलं, क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, पाणी पाहिजे का?" फुलाबाईनं हात पुढं केला आणि बाटली घेतली.

सामना सुरू झाला आणि पहिल्या डावात फुलाबाईला वाटलं, आपण उगाच आलो. गौतमी पहिल्या चढाईला आली. आरोहीनं घोटा धरला, दोघींनी कंबर. पकड. थोड्या वेळानं पुन्हा चढाई, पुन्हा पकड. एकनाथ सर गौतमीला आतून-बाहेरून ओळखत होते. डावीकडून येणार, घोटा धरला की पाठ वळवून उजवीकडं सुटायला बघणार, हे त्यांनी आपल्या मुलींना घटवून घेतलं होतं. तिसऱ्यांदा पकडली तेव्हा मागच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "पगार कापा हिचा!" आणि सगळे हसले. फुलाबाईनं पदर तोंडाला लावला. गौतमी बाहेर जाऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, लाज नाही. ती फक्त मैदानाकडं बघत होती, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते तिला वाचायचं होतं.

मध्यंतरानंतर ती आत आली ती वेगळीच.

फुलाबाईला खेळातलं फार कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं की तिच्या लेकीच्या भोवतीची जागा आता तिच्या मर्जीनं लहानमोठी होतेय. ती उभी राहिली की समोरच्या सात जणी थांबत. तिनं खांदा हलवला की अर्ध्या जणी मागं सरकत. पाय एकीकडं जातोय असं वाटायचं आणि हात दुसरीकडंच कुणाला तरी शिवून आलेला असायचा. एकदा तर ती मध्यरेषेकडं वळली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच श्वासात ती मागच्या मागं झेपावून एका मुलीच्या पावलाला शिवून परत आली. सभागृहात आधी शांतता पसरली आणि मग छत फाटेल असा गलका झाला. हजार तोंडं एकच नाव घेत होती. त्या नावासाठी बारशाला फुलाबाईच हट्टाला पेटली होती. सासूला दुसरं नाव हवं होतं. आता ते नाव असं गर्जत होतं की तिच्या बाकाची फळी हादरत होती.

शेवटचं मिनिट आलं. एकनाथ सरांचा संघ एका गुणानं पुढं होता, सत्तावीस-सव्वीस. त्यांच्या चौघी आत उरल्या होत्या. शेवटची चढाई गौतमीची.

"डावीकडून येईल," सर हळूच म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कोण जाणे. "आरोही, थांब. थांब. आता!"

आरोहीनं झेप घेतली आणि घोटा दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याच क्षणी दोघी उजवीकडून आल्या, अगदी गौतमी जिथं वळायची तिथंच. तिघींचं ओझं अंगावर घेऊन गौतमी पोटावर कोसळली. मध्यरेषा तिच्यापासून चांगली दोन हात लांब होती. फुलाबाई उभी राहिली. संपलं, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आता तरी पोरीला सोडतील.

पण गौतमी वळली नाही. सुटायला धडपडलीही नाही. तिनं दोन्ही तळवे गादीवर टेकले आणि तशीच पुढं निघाली. तीन मुली पायांवर, कमरेवर, पाठीवर. आणि ती वीतवीत पुढं. दंडाच्या शिरा तटतटल्या, मान लाल झाली. तोंडातून कबड्डी-कबड्डी चालूच, तुटत नव्हतं, थांबत नव्हतं. आरोहीचे दात आवळलेले होते, तिनं घोटा सोडला नव्हता; तीही तशीच फरफटत चालली होती. गलका कधी थांबला कुणाला कळलं नाही. एवढ्या माणसांत फक्त तो एक दम ऐकू येत होता. फुलाबाईनं स्वतःचा श्वास कधीच रोखून धरला होता. हे बळ कुठलं? हे आपल्या घरात वाढलं, आपल्या हातचं खाल्लं, आणि आपल्याला पत्ताच नाही?

गौतमीची बोटं लांबली. आणखी लांबली. मधलं बोट रेषेच्या पलीकडं टेकलं.

पंचांनी तीन बोटं वर केली. तिला धरणाऱ्या तिघीही बाद. एकोणतीस-सत्तावीस.

लोक खुर्च्यांवर चढले. कुणी रडत होतं, कुणी शिट्ट्या मारत होतं. फुलाबाईनं सरांकडं पाहिलं. ते हरले होते, पण त्यांचे डोळे मैदानावरच खिळले होते आणि चेहरा एखाद्या लहान मुलासारखा उघडा पडला होता.

"ताई, आमच्या पोरी कुटंच चुकल्या न्हाईत," ते म्हणाले. "एक पण न्हाई. सगळं बरोबर केलं त्यांनी. तरी..."

मैदानावर आरोही अजून पालथीच पडली होती. गौतमीनं तिला हात दिला. आरोहीनं तो घेतला आणि उठल्यावरही सोडला नाही. दोघी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. मग आरोहीनं तिच्या डोक्यात टपली मारली.

बऱ्याच वेळानं गौतमी आईकडं आली. आधी फुलाबाईला तिला हात लावायचीच भीती वाटली. मग जवळ घेतलं, तेव्हा कळलं की पोरगी थरथरतेय. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, थंडी वाजल्यासारखी. कोपरं सोलली होती. फुलाबाईनं तिला घट्ट धरलं आणि ते थरथरणं थांबेपर्यंत सोडलं नाही.

"आई," गौतमी तिच्या खांद्यात म्हणाली, "हरियाणातल्या एका संघाचं बोलावणं आलंय. पुढच्या वर्षासाठी. तिथल्या पोरी लई दांडग्या असत्यात म्हणं."

निषाद थोड्या अंतरावर उभा होता. त्यालाही ही बातमी ठाऊक असावी. उन्हाळ्यात एकनाथ सरांच्या चेहऱ्यावर जे होतं, तेच आता त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तुला जायचंय का?"

"भ्या वाटतंय."

"मी इचारलं, जायचंय का?"

"व्हय."

"मंग जा," फुलाबाई म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटलं.

जूनमध्ये गौतमी गेली. सप्टेंबरमध्ये एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कँटीनमध्ये फुलाबाईनं मोबाइलवर गौतमीचा सामना लावला आणि तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. आधी शेजारची बाई वाकली, मग तिच्या मागची, आणि बघता बघता टेबलाभोवती दहा-बारा जणी गोळा झाल्या. छोट्याशा पडद्यावर समोरच्या मुली खरोखरच डोक्यानं उंच आणि दुप्पट रुंद दिसत होत्या. त्यांच्यात एक काळीसावळी, बारीक चणीची पोरगी मध्यरेषेला हात लावून आत शिरत होती.

"एवढीशी?" एक बाई म्हणाली. "त्या खात्यात की गं तिला."

"गप," फुलाबाई म्हणाली. "बघ नुसती."

पडद्यावर सगळ्या एकदम थांबल्या. कँटीनमध्येही कुणी घास गिळत नव्हतं.