पाचव्या परिच्छेदातलं वाक्य

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे नोटीसबाई म्हणत. खोलीबाहेरच्या पाटीवर तिचा हुद्दा चांगला भारदस्त होता, 'प्रमुख, अंतर्गत संवाद'. पण एवढं लांबलचक म्हणायला वेळ कुणाला होता? तिच्या आईला तर तो हुद्दा एकोणीस वर्षांत पचला नव्हता. आतल्या आत कसला संवाद करता गं तुम्ही, असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. आता म्हातारीचे गुडघे गेले होते, पण संध्याकाळी मुलगी दारात चपला काढत असतानाच विचारायची सवय काही गेली नव्हती: आज कुणाला काय कळवलंस?

एके काळी या प्रश्नाला उत्तर असायचं. नोटीसबाईची कामाची एक पद्धत होती आणि ती तिने कुठल्या अभ्यासक्रमातून उचलली नव्हती. नोटिशीचा कच्चा मसुदा झाला की तो घेऊन ती सुट्या भागांच्या भांडारात जायची आणि तिथल्या भांडारपालांना मोठ्याने वाचून दाखवायची. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा कानावर पेन्सिल खोचून, नटबोल्टांच्या खोक्यावर बसून ऐकत. मध्येच त्यांनी 'म्हणजे काय?' म्हटलं की ते वाक्य बाद. कँटीनच्या वेळा बदलल्या तेव्हाची नोटीस मामांनी सात वेळा परत पाठवली. तिच्या अगदी नाकी नऊ आले, पण नव्या वेळा लागू झाल्या त्या दिवशी एकही माणूस चुकीच्या वेळी ताट घेऊन उभा राहिला नाही. मग नोटीस कँटीनच्या दाराशेजारच्या काचेच्या फळ्यात लागायची, आणि ही बाई कप हातात धरून बाजूला उभी राहायची, जणू काही चहाच पितेय. लोकांचे डोळे कुठल्या ओळीवर अडतात, ते तिला बघायचं असे.

मामा निवृत्त झाले. त्याच सुमारास सगळ्यांच्या फोनवर ॲप आलं. सकाळी हजेरी लावायची तर आधी त्या दिवशीच्या नोटिशीखालचं 'वाचले' हे बटण दाबायचं, त्याशिवाय हजेरीचं पान उघडतच नसे. कारखान्यातल्या सहाशे चाळीस माणसांनी दोन दिवसांत अंगठा तयार केला. फाटकातून आत येता येता बटण, हजेरी, आणि फोन खिशात. अहवालात मात्र दररोज शंभर टक्के वाचन. एवढं तर शाळेतल्या धड्यांचंही कधी कुणी केलं नसेल.

त्यानंतर मजकूर लिहून देणारा संगणक आला. तीन मुद्दे द्या, तो पानभर लिहून देई, तेही असं गुळगुळीत की डोळा कुठे टेकायलाच नको. नोटीसबाईच्या हाताखालचा माणूस विक्री विभागात गेला. ती एकटी उरली. खरं सांगायचं तर तिलाही ते सोयीचंच झालं होतं. वाचून दाखवायला मामा नव्हते, आणि दुसरा कुणी शोधायचा तिने कंटाळा केला. फळा तेवढा राहिला, तोही सफाईच्या मावशींमुळे. मावशी आणि त्यांच्या हाताखालच्या बायका कंत्राटी कामगार, त्यांना ॲप दिलेलं नव्हतं. कागद लावत जा हो बाई, आम्हाला कोण सांगणार, असं मावशींनी एकदा अडवून सांगितलं, म्हणून प्रत्येक नोटीस, अगदी साहेबांकडून परस्पर निघालेलीसुद्धा, तिच्या खोलीतल्या प्रिंटरमधून आपोआप बाहेर पडे आणि ती नेऊन टाचण्यांनी लावून येई.

असं सगळं सुतासारखं सरळ चाललेलं असताना नव्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला मृदू. नोटिशी संगणक लिहितो, पोचल्याची खात्री ॲप देतं, तर या विभागाची वेगळी गरज आहे का, असा विचार चालू आहे, हे त्यांनी अगदी अवघडून सांगितलं. निर्णय झाला की रीतसर कळवू, तुमचं म्हणणं मांडायला वेळही देऊ, असंही म्हणाले.

ती खोलीत परत येऊन बसली. दुसरं काही काम तिला मिळालंही असतं, तो प्रश्न नव्हता. तिला हेच काम हवं होतं. लोकांना त्यांच्या कामाची गोष्ट नीट कळावी, एवढंच तिला आयुष्यात चांगलं जमलं होतं.

बटण सगळे दाबतात पण नोटीस कुणी वाचत नाही, याच्या पुराव्यामागे ती दहाबारा दिवस लागली. शेवटी गुरुवारी तिला एक युक्ती सुचली. पिण्याच्या पाण्याची टाकी शनिवारी धुणार, त्याची नोटीस होती. संगणकाने सहा परिच्छेद दिले. पाचव्याच्या मधोमध तिने स्वतःचं एक वाक्य घुसवलं: 'हे वाक्य ज्यांनी वाचलं, त्यांनी शुक्रवारी दुपारी चारपर्यंत अंतर्गत संवाद विभागात येऊन तसं सांगावं.' मजकूर साहेबांकडे मंजुरीला गेला आणि मिनिटभरात मंजूर होऊन आला.

शुक्रवारी सकाळी दहापर्यंत सहाशे अडतीस जणांनी 'वाचले' दाबलं. उरलेले दोघे रजेवर होते. नोटीसबाईने दार उघडं ठेवलं, जादा खुर्च्या मागवल्या आणि टेबलावर बिस्किटांचे दोन पुडे फोडून ठेवले. बारा वाजले, दोन वाजले. लेखा विभागातला एक जण आला, तिला वाटलं आला पहिला. तर तो स्टेपलर मागायला आला होता. दोन बिस्किटं खाऊन गेला. पुरावा तिच्या मनासारखा जमत होता आणि तिला रडू येत होतं. एकोणीस वर्षं आपण कुणाशी बोलत होतो, असं तिला वाटलं.

साडेतीनला दारात मावशी उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "वाचलं, बाई."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं. एवढा आनंद झाला होता की बिस्किटांचा अख्खा पुडाच त्यांच्यासमोर सरकवला. सहाशे चाळीस माणसांतलं कुणी आलं नाही, तुम्ही एकट्याच आलात, असं ती म्हणाली.

"एकटी कशी? आम्ही बावीस जणी आहोत की. सगळ्याच येणार होत्या, पण काम टाकून कशा येणार? म्हणून मी आले सगळ्यांच्या वतीने." मावशींनी सांगितलं की चहाच्या सुट्टीत त्या फळ्यासमोर उभ्या राहून ओळीखाली बोट धरून कागद वाचतात, बाकीच्या ऐकतात, अडलं की थांबवतात. पूर्वी भांडारात झाडायला जात असताना मामांसमोर तुम्ही वाचायचात ना, तिथूनच उचललं, असं त्या सहज बोलून गेल्या.

मावशी बिस्कीट हातातच धरून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं तर मंगळवारचं वाचलं तेव्हाच यायचं होतं. पण तुमच्यासमोर यायला जिवावर आलं. वाईट वाटलं हो आम्हाला."

"मंगळवारचं कुठलं?"

मावशींनी बिस्कीट खाली ठेवलं. "तुमच्याच हाताने तर लावलंत, बाई."

ती उठली आणि जवळजवळ धावतच फळ्यापाशी गेली. मंगळवारचा कागद तिथे होता, चारही कोपऱ्यांना टाचण्या, कुठेही वाकडा नाही. 'प्रशासकीय रचनेत सुधारणा'. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की अंतर्गत संवाद हा विभाग एक तारखेपासून बंद करून त्याचं काम कर्मचारी विभागाकडे देण्यात येत आहे, आणि कुणाची लेखी हरकत असल्यास ती शुक्रवारी पाचपर्यंत साहेबांकडे पोचावी. तिने फोन काढून पाहिला. मंगळवारी सकाळी आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिने 'वाचले' दाबलं होतं. अख्ख्या कारखान्यात तिचं बटण पहिलं होतं.

तिला इतकी लाज वाटली की काचेतल्या स्वतःच्या तोंडाकडेही बघवेना. सगळ्यांसाठी सापळा लावून बसली होती, आणि तीन दिवसांपूर्वी स्वतःच त्यात पाय घालून मोकळी झाली होती.

चार वाजत आले होते. खोलीत येऊन तिने हरकत लिहायला घेतली. हात सरावलेला होता, अर्ध्या तासात दोन पानं झाली. संवादाचं बदलतं स्वरूप, कर्मचाऱ्यांचा सहभाग, आकडे आणि प्रत्यक्ष आकलन यांतली तफावत, सगळं जिथल्या तिथे. ती पानं घेऊन जिन्याकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. मग वळून कँटीनच्या मागे गेली. मावशी आणि सातआठ जणी बादल्या पालथ्या घालून बसल्या होत्या. पाच मिनिटं ऐकता का, असं तिने विचारलं आणि वाचायला लागली.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर मावशींनी हात वर केला.

"बाई, तुम्हाला जायचं नाहीये, हे कुठं लिहिलंय?"

नोटीसबाईने पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहिलं. दोन पानांत ते कुठेच नव्हतं. इतकी वर्षं कारखान्याच्या वतीने लिहिता लिहिता स्वतःच्या वतीने एक वाक्य लिहायचं ती विसरून गेली होती. पालथ्या बादलीवर कागद ठेवून ती तिथेच लिहायला बसली. एकीने तिच्या बादलीभोवतीची ओली फरशी पुसून दिली.

लिहून झालं ते तिने पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी हात वर झाला नाही. मावशी नुसत्या म्हणाल्या, "आता जा. दहा मिनिटं उरलीत."

साहेब निघायच्या तयारीत होते. तिला पाहून त्यांनी खुर्ची दाखवली आणि मनापासून म्हणाले, तुमचं 'वाचले' सगळ्यात आधी आलं तेव्हा बरं वाटलं, तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत. नोटीसबाईने नकारार्थी मान हलवली.

"मी ते वाचलंच नव्हतं, सर. हजेरी लावायची होती म्हणून बटण दाबलं. तुम्ही कालची टाकीची नोटीस वाचून मंजूर केलीत का?"

साहेबांनी फोन उघडला. त्यांचं बोट पाचव्या परिच्छेदापाशी थांबलं. त्यांचे कान लाल झाले. मग ते सावकाश म्हणाले की असं असेल तर कुणीच काही वाचत नाही, तुम्हीसुद्धा नाही. मग विभाग ठेवून तरी काय उपयोग?

प्रश्न बरोबर होता. तोच ती दुपारपासून स्वतःला विचारत होती. तिने हातातला कागद पुढे केला. साहेबांनी तो घ्यायला हात लांबवला, उघडच होतं की ते तो फाइलमध्ये ठेवणार आणि सोमवारी बघणार. तिने कागद परत मागे घेतला.

"वाचून दाखवू का? अर्ध्या पानाचंच आहे. जिथे कळणार नाही, तिथे थांबवा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग फोन पालथा घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, वाचा.

"मला हे काम सोडायचं नाही," तिने सुरुवात केली. "मंगळवारची नोटीस मी न वाचता फळ्यावर लावली. ती माझ्याच विभागाबद्दल होती. ती मला सफाईच्या मावशींनी सांगितली. त्या बावीस जणींकडे तुमचं ॲप नाही. त्या एकमेकींना वाचून दाखवतात, आणि कळलं नाही तर पुढे जात नाहीत. मी आधी असंच काम करत होते. मला ते पुन्हा करायचं आहे, सहाशे बासष्ट माणसांसाठी."

"थांबा," साहेब म्हणाले. "सहाशे बासष्ट म्हणजे काय? आपण तर सहाशे चाळीस आहोत."

नोटीसबाईने कागद खाली ठेवला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि त्यांना सांगायला लागली.